एकट्याने हाईकला जाताना गन बाळगताय? अमेरिकेतल्या जंगलात या चुका टाळा

अमेरिकेत आपल्या मराठी मंडळींत एकट्याने हाईकिंगला जाणारे आता बरेच झालेत. सह्याद्रीत पाय मोकळे केलेल्या माणसाला वीकेंडला घरी बसवत नाही, आणि मग कधी मोंटाना-वायोमिंगकडे अस्वलांच्या भागात जायचं ठरलं की प्रश्न येतोच, जवळ गन ठेवली तर चालते का. चालते, बऱ्याच ठिकाणी चालते. पण लोक सगळा विचार अस्वलाचा करतात आणि अडकतात भलत्याच ठिकाणी. राज्याची हद्द, पार्कच्या ऑफिसचं दार, पार्क केलेली गाडी, स्वतःचा व्हिसा, खरा घोळ होतो तो इथे.

व्हिसापासूनच सुरू करू कारण ही चूक सगळ्यात महाग आहे. तुम्ही एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा कुठल्याही नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर असाल तर फेडरल (केंद्राच्या) कायद्याने तुम्हाला गन आणि गोळ्या दोन्ही जवळ ठेवायला मनाई आहे, मग राज्य कितीही मोकळं असू दे. मित्र सिटिझन आहे, त्याची गन आहे, दोन दिवसांसाठी कमरेला लावली तर काय होतंय, असं म्हणणारे भेटतात. होतं ते असं की जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, मालकी कोणाची हे कोणी विचारत नाही, आणि २०२२ पासून याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. वर इमिग्रेशनचं काय होईल ते वेगळंच. वैध हंटिंग लायसन्स असेल तर अपवाद आहे, पण कोणीतरी सांगितलं म्हणून त्या भरवशावर जाऊ नका, आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा. ग्रीन कार्डवाल्यांना फेडरल कायद्याने चालतं, पुढे राज्याचे नियम. आणि एक, कोलोरॅडोत गांजाच्या गमीज (चघळायच्या वड्या) दुकानात मिळतात म्हणून गन आणि गमी एकाच सॅकमध्ये टाकू नका, फेडरल कायद्यात गांजा अजून बेकायदा आहे आणि तो घेणाऱ्याला बंदूक बाळगता येत नाही. यावर कोर्टात वाद घातले गेलेत, पण त्यात उदाहरण म्हणून आपलं नाव कशाला यायला हवं.

दुसरी गोष्ट म्हणजे नॅशनल पार्कबद्दलचं अर्धवट ज्ञान. २२ फेब्रुवारी २०१० पासून पार्कमध्ये गन बाळगता येते हे खरंय, पण ज्या राज्यात पार्क आहे त्या राज्याच्या नियमाप्रमाणे. यलोस्टोन तीन राज्यांत पसरलंय, वायोमिंग, मोंटाना आणि आयडाहो. ग्रेट स्मोकीज पार्कमध्ये तर अॅपलेशियन ट्रेल ही लांब पायवाट बराच भाग टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या हद्दीवरूनच जाते, एक पाय इकडे एक तिकडे, म्हणजे दोन्हीकडचे नियम आधीच वाचून ठेवायचे.

आणि बाळगायची परवानगी म्हणजे झाडायची परवानगी नाही हे लोक विसरतात. पार्कमध्ये गोळी चालवणं बंदच आहे, उगाच हवेत बार काढून अस्वल पळवू असला विचार डोक्यात आणू नका. नॅशनल फॉरेस्टमध्ये नियम जरा सैल आहेत, पण तिथेही घर, कॅम्पसाइट किंवा माणसं असलेल्या जागेपासून १५० यार्डांच्या आत किंवा रस्त्यावरून, पाण्यावरून गोळी चालवायची नाही. तलावांच्या बाजूची काही जमीन आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सकडे (लष्कराच्या बांधकाम विभागाकडे) असते, त्यांचे नियम आणखी वेगळे. त्यामुळे नकाशावर नुसता हिरवा रंग बघून भागत नाही, जमीन कोणाची ते बघायला लागतं.

आता दारातली चूक. रात्री मुक्काम करायचा तर अनेक पार्कांत बॅककंट्री परमिट लागतं, आणि ते घ्यायला तुम्ही सकाळी सॅक पाठीवर आणि पिस्तूल छातीवर अशा तयारीत थेट रेंजर स्टेशनात, म्हणजे पार्कच्या ऑफिसात शिरता. तिथे फेडरल कर्मचारी काम करतात, ती फेडरल इमारत आहे, दारावर पाटी लावलेली असते, आणि आत गन नेणं हा गुन्हा आहे. पार्किंगमध्ये येऊन घाईघाईत काढण्यापेक्षा निघतानाच गन लॉकबॉक्समध्ये ठेवा, परमिट घ्या, आणि ट्रेलहेडला, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे पोचल्यावरच बाहेर काढा. व्हिजिटर सेंटरलाही हेच लागू.

राज्याच्या हद्दीचं मी जरा सविस्तर सांगतो, कारण चालणाऱ्या माणसाला हद्द दिसतच नाही. अॅपलेशियन ट्रेल १४ राज्यांतून जाते. पेनसिल्व्हेनियातून उत्तरेकडे चालत आलात की डेलावेअर वॉटर गॅपला ट्रेल नदी ओलांडते, महामार्गाच्या पुलाच्या कडेने, शेजारून ट्रक धडधडत जातात आणि पूल संपेपर्यंत तुम्ही न्यू जर्सीत पोचलेले असता. नदीच्या अलीकडे, पेनसिल्व्हेनियात, फिलाडेल्फिया शहर सोडलं तर परमिटशिवाय उघड कॅरी, म्हणजे गन दिसेल अशी बाळगणं चालतं. पलीकडे न्यू जर्सीच्या परमिटशिवाय हँडगन बाळगली तर तो मोठा गुन्हा, ५ ते १० वर्षांची शिक्षा होऊ शकते, आणि पेनसिल्व्हेनियाचं परमिट तिथे चालत नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक महिला न्यू जर्सीत ट्रॅफिक पोलिसाने थांबवल्यावर प्रामाणिकपणे म्हणाली की माझ्याकडे गन आहे आणि हे माझं परमिट, तिला अटक झाली आणि २०१५ मध्ये गव्हर्नरने माफी दिली तेव्हा कुठे ते प्रकरण पूर्ण मिटलं. कॅलिफोर्नियाही बाहेरचं परमिट मानत नाही, न्यूयॉर्क राज्यही नाही. १९८६ च्या फेडरल कायद्यात प्रवासाची सोय आहे, पण ती गाडीतून नेणाऱ्यासाठी. गन रिकामी, हाताला लागणार नाही अशी, डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत, आणि निघता ते ठिकाण नि पोचता ते ठिकाण दोन्हीकडे ती कायदेशीर हवी. कमरेला भरलेलं पिस्तूल लावून ट्रेलवर मुक्काम करत जाणाऱ्याला ती सोय लागू होत नाही.

एक बारीक गोष्ट जी फार कोणी सांगत नाही, सॅकचा कमरेचा पट्टा. तुम्ही उघड कॅरी म्हणून पट्ट्याला होल्स्टर लावलंत, वरून सॅकचा जाड हिपबेल्ट आवळला, पाऊस आला म्हणून रेनजॅकेट चढवलं, आणि आता गन दिसतच नाहीये. जिथे लपवून बाळगायला परमिट लागतं तिथे उघड कॅरी आपोआप लपवलेलं झालं. शिवाय गरज पडली तर हात पोचत नाही ते वेगळंच. छातीवरचं होल्स्टर यावर चांगला उपाय आहे, ते सॅकच्या पट्ट्यांमध्ये बसतं. मात्र ट्रिगर पूर्ण झाकलेला हवा आणि दगडांवरून उड्या मारताना पिस्तूल बाहेर पडणार नाही अशी पकड हवी. स्वस्तातलं कापडी होल्स्टर घेऊ नका, एकटे असताना स्वतःच्याच मांडीत गोळी लागली तर मदतीला कोणी नाही. टूर्निके (रक्त थांबवायचा पट्टा) आणि सॅटेलाइट मेसेंजर (फोनला रेंज नसताना मेसेज पाठवणारं यंत्र) नसेल तर गन घरी ठेवा असं मी तर सरळ सांगेन.

अस्वलासाठी गन घेताय तर बेअर स्प्रेही, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, घ्याच. अलास्कातल्या वीसेक वर्षांच्या घटनांचा अभ्यास २००८ मध्ये आला, त्यात तपकिरी अस्वलांवर स्प्रे मारला तेव्हा ९२ टक्के वेळा ती थांबली. धावून येणाऱ्या अस्वलावर नेम धरणं रेंजवर कागदावर नेम धरण्यासारखं नसतं, आणि जखमी अस्वल जास्त धोकादायक. स्प्रे सॅकच्या आत नको, छातीवर किंवा पट्ट्यावर, आणि तारीख बघून. मात्र योसेमिटी पार्कमध्ये तो न्यायचा नाही, तिथे बंदी आहे, ग्रिझली (मोठं तपकिरी अस्वल) पण नाही तिथे. अलास्का आणि हवाई सोडून बाकीच्या ४८ राज्यांत ग्रिझली संरक्षित आहे, जीव वाचवायला मारलीच तर लगेच कळवावं लागतं आणि जागेची तपासणी होते.

रात्री तंबूबाहेर खुडबुड झाली की आवाजाच्या दिशेने गन रोखू नका. बहुतेक वेळा हरीण असतं किंवा उशिरा पोचलेला दुसरा हाईकर असतो. आधी हेडलॅम्प, मग मोठ्याने आवाज. माणसाशी वाद झाला तर गन दाखवणं हासुद्धा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो, चालायला लागा आणि तिथून निघून जा. रेंजर भेटला तर हात दिसतील असे ठेवा, गनला हात न लावता शांतपणे सांगा. काही राज्यांत स्वतःहून सांगणं बंधनकारकच आहे.

ट्रेलहेडला गाडीत गन सोडून जाणं ही आणखी एक चूक, चोर तिथल्या गाड्या फोडतात. कोलोरॅडोत १ जानेवारी २०२५ पासून रिकाम्या गाडीत हँडगन कुलूपबंद कडक पेटीत आणि बाहेरून दिसणार नाही अशीच ठेवावी लागते. विमानाने जायचं तर गन रिकामी करून कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इनच्या सामानात, काउंटरवर सांगून. बेअर स्प्रे विमानात कुठल्याच सामानात चालत नाही, तो तिकडे पोचल्यावर विकत घ्या.

आणि शेवटची, फक्त आपल्या लोकांची. हाईकला नेलेली तीच सॅक दिवाळीला भारतात घेऊन जाता आणि पट्ट्याच्या खिशात एक काडतूस राहिलेलं असतं. मुंबई किंवा दिल्ली विमानतळावर स्कॅनमध्ये ते दिसलं की १९५९ च्या आर्म्स अॅक्टखाली केस होते. नकळत राहिलं हे पटवून दिलं तर कोर्ट अशा केसेस रद्द करतं, जाणीवपूर्वक बाळगलं होतं का हा मुद्दा तिथे बघतात, पण तोपर्यंत पोलीस स्टेशन, वकील, चुकलेली फ्लाइट आणि हातातून गेलेली सुट्टी. गन आणि गोळ्यांसाठी सॅक वेगळीच ठेवा. ते शक्य नसेल तर भारतात निघायच्या आठवडाभर आधी सॅक पूर्ण उलटी करा, हिपबेल्टचे दोन्ही खिसे, वरचं झाकण, रेनकव्हरची पिशवी सगळीकडे बोटं घालून बघा, आणि मग बॅग भरा.