चांदीचा मोठा दगड आणि त्याच्या दोन किमती

चांदी दिसणारा मोठा दगड हाती आला की नवखा माणूस तो आधी वजनकाट्यावर ठेवतो आणि त्या दिवसाच्या भावाने गुणाकार करून मोकळा होतो. हा आकडा काढायला हरकत नाही, पण ती झाली धातूची किंमत. नमुना म्हणून त्या दगडाची किंमत वेगळी असते, आणि कधी कधी कितीतरी जास्त. या दोहोंपैकी आपल्या दगडाला कोणती लागू पडते, हे कळेपर्यंत छिन्नी, ब्रश, आम्ल यांतलं काहीही हातात घेऊ नका. नव्याने येणाऱ्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो.

आधी शोधाबद्दल. जगातली बरीचशी चांदी शिसं, जस्त, तांबं यांच्या खाणींतून जोडउत्पादन म्हणून निघते आणि त्या खनिजात ती डोळ्यांना दिसतही नाही. तारा, पत्रे, गोळे अशा रूपात धातूच सापडावा अशी ठिकाणं मोजकी. नॉर्वेतलं काँग्सबर्ग (तिथे 1623 मध्ये चांदी सापडली), कॅनडातलं कोबाल्ट (1903), मेक्सिकोतलं बातोपिलास, मिशिगनमधलं कीवीनॉ. कीवीनॉला तर तांबं आणि चांदी एकाच गोळ्यात चिकटलेली मिळते. कोबाल्टसारख्या ठिकाणी चांदी कॅल्साइटच्या (पांढरट, चुनखडीच्या जातीचं खनिज) शिरांमध्ये असते, सोबत कोबाल्ट-निकेल या धातूंची आर्सेनिकयुक्त खनिजं असतात आणि ती हवापाण्याने कुजली की दगडावर गुलाबी थर चढतो. त्याचं नाव एरिथ्राइट. पांढऱ्या शिरेशेजारी असा गुलाबी डाग दिसला की मी पुढे जात नाही, तिथेच बसतो.

आज हौशी माणसाला जे सापडतं ते बहुतेक जुन्या खाणींच्या टाकाऊ दगडांच्या ढिगांत. अर्थात ढीग टाकाऊ असला तरी बेवारस नसतो. जमिनीचा मालक आणि खनिजहक्काचा मालक वेगळे असू शकतात, म्हणून दोन्ही परवानग्या लेखी घ्या. जुन्या खाणीच्या तोंडाशी तर फिरकूच नका.

मेटल डिटेक्टरवर नवख्यांचा फार भरवसा असतो. चांदी ही सर्वांत चांगली विद्युतवाहक धातू, त्यामुळे सलग गोळा असेल तर सिग्नल खणखणीत येतो. पण तीच चांदी बारीक, तुटक तारांच्या रूपात कॅल्साइटमध्ये विखुरलेली असली की यंत्र जेमतेम कुरकुरतं. उलट पुरलेल्या लोखंडी पहारी आणि पाइप मोठ्या आवाजात बोलावतात. माझा अनुभव विचाराल तर यंत्र जागा दाखवतं, निवाडा हातच करतो. आकाराच्या मानाने दगड अवाजवी जड लागला पाहिजे.

जड लागला म्हणजे चांदीच, असंही नाही. गॅलेना हे शिशाचं खनिज चकाकतं आणि जडही असतं. मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला सुईचं टोक दाबून पाहा. गॅलेना घनाकृती तुकड्यांत फुटतं, चांदीवर नुसता चरा उमटतो आणि ती वाकते. काळी पडलेली चांदी चऱ्याच्या जागी पांढरी चमकते.

आता धातू किती आहे ते काढू. शुद्ध चांदीचं विशिष्ट गुरुत्व (म्हणजे तेवढ्याच घनफळाच्या पाण्यापेक्षा किती पट जड) सुमारे 10.5, कॅल्साइटचं 2.7. समजा दगड हवेत 5 किलो भरला आणि पाण्यात पूर्ण बुडवून टांगल्यावर 3.9 किलो. वजन 1.1 किलोने घटलं, म्हणजे त्याने तेवढं पाणी बाजूला सारलं आणि त्याचं घनफळ 1.1 लिटर. सगळा दगड कॅल्साइटचाच असता तर वजन 2.97 किलो झालं असतं. वरचे 2.03 किलो चांदीमुळे आले. त्यांना 10.5 ने गुणून 7.8 ने (दोन्ही विशिष्ट गुरुत्वांच्या फरकाने) भागलं की अंदाजे 2.7 किलो चांदी निघते. यात एक मोठी फट आहे. दगडात निकेलाइनसारखी आर्सेनिकयुक्त खनिजं असतील तर त्यांचं विशिष्ट गुरुत्वही सात-आठच्या घरात असतं आणि आपला हिशोब फुगतो. नैसर्गिक चांदीत पारा किंवा अँटिमनीही मिसळलेला असू शकतो. म्हणून आलेला आकडा ही वरची मर्यादा समजा. आणि खात्री करायला म्हणून घरी दगड तापवायचा मोह टाळा. आर्सेनिक आणि पाऱ्याची वाफ हा थट्टेचा विषय नाही. हाताळल्यावर हात धुवायचे.

नमुन्याची किंमत मात्र सूत्रात बसत नाही. पीळदार जाड तारा, नेच्याच्या पानासारख्या फांद्या, स्पष्ट स्फटिक यांना संग्राहक धातूच्या कितीतरी पट देतात. गचाळ, बेढब गोळा कितीही मोठा असला तरी धातूच्या भावाच्या आसपासच राहतो. आकाराचं कौतुक असतं, पण अवाढव्य नमुना ठेवणार कुठे, हा प्रश्न ग्राहकालाही पडतो. कोलोराडोतल्या अ‍ॅस्पेनच्या स्मगलर खाणीत 1894 मध्ये निघालेला गोळा 800 किलोंहून जड होता, आणि तोही बाहेर काढण्यासाठी छाटावा लागला होता.

घासून लख्ख केलेली चांदी जाणकाराला खटकते. काळपट थर राहू द्यावा. कॅल्साइट आम्लात विरघळवून आतली चांदी उघडी करण्याची पद्धत रूढ आहे, पण एकदा केलं की परत फिरता येत नाही, आणि विकताना ते सांगावं लागतं.

फसवणूकही इथेच होते. अकँथाइट हे चांदीचं सल्फाइड तापवलं की त्यातून चांदीच्या तारा अक्षरशः उगवतात, आणि असे नमुने नैसर्गिक म्हणून खपवले जातात. विद्युत्-विलेपनाने वाढवलेले पांढरेशुभ्र स्फटिक, दगडावर ओतलेली वितळलेली चांदी, डिंकाने चिकटवलेल्या तारा, हे प्रकारही आहेत. भिंगाखाली तार दगडात शिरते कुठे, ते पाहा. खरी तार आसपासच्या खनिजात गुंतलेली असते.

सापडलेल्या जागेची नोंद त्याच दिवशी करा: खाण, ढीग, तारीख, जागेवरचा फोटो, परवानगीची प्रत. जुना नमुना विकत घेत असाल तर त्यासोबतची मळकी चिठ्ठी फेकू नका. ठिकाण अज्ञात असलं की चांगल्या नमुन्याचीही किंमत पडते. विकण्याआधी निदान दोन वेगवेगळ्या व्यापाऱ्यांकडून अंदाज घ्या, आणि वितळवणाऱ्याकडे सगळ्यात शेवटी जा.