टायगरनट लावा, पण बंदोबस्तात

आधी बंदोबस्ताचं बोलू. टायगरनट म्हणजे जमिनीखाली खायच्या गोड गाठी धरणारं गवतासारखं झाड. आपल्या लव्हाळ्याचा सख्खा भाऊबंद, त्यामुळे तो उघड्या जमिनीत लावायचाच नाही. बंगल्याची बाग असो की सोसायटीचा वाफा, गाठी एकदा मातीत पसरल्या की वर्षानुवर्षं खुरपत बसाल. आमच्या माळीकाकांनी गच्चीवर माझी ग्रो बॅग पाहिली आणि उपटायलाच हात घातला. "ताई, हा लव्हाळा काढायचे लोक मला पैसे देतात, आणि तुम्ही मुद्दाम लावलाय?" त्यांचं काही चुकलं नाही, पात तशीच दिसते. फरक मातीखाली: लव्हाळ्याची, म्हणजे नागरमोथ्याची, गाठ कडू आणि उग्र, याची गोड.

बियाणं म्हणजे खायला मिळणाऱ्या सुक्या गाठीच. ऑनलाइन मागवताना सालासकट असलेल्या घ्या. सोललेल्या उगवत नाहीत. दोन दिवस पाण्यात भिजवा, पाणी सकाळ-संध्याकाळ बदला. सुरकुत्या जाऊन टपोऱ्या झाल्या की लावायच्या.

मातीत मात्र कंजूषी नको. पुण्याची काळी माती इथे कामाची नाही. काढणीच्या वेळी ती गाठींना अशी चिकटते की धुता धुता कंबर जाते. मी निम्मी चाळलेली लाल माती, पाव भाग गांडूळखत आणि पाव भाग वाळू घेते. वाळू म्हणजे बांधकामावरची क्रश सँड, पण ती आधी दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यायची, म्हणजे बारीक भुकटी निघून जाते. युरिया वगैरे टाकू नका, नुसती पात माजते.

दोन फूट बाय एक फूट, फूटभर खोल बॅगेत सहा इंचांवर एक अशा आठ गाठी पुरतात. दीड इंच खोल पेरा. बॅग विटांवर ठेवा, तळाच्या भोकांवर आतून जाळी घाला, कारण जमिनीखालचे धुमारे तिथूनही बाहेर पडतात. जाळी वरूनही लागते. उंदरांना या गाठींचा वास लगेच लागतो.

पेरणी मेअखेर किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात. दिवस लहान व्हायला लागले की या झाडाला गाठी धरायची घाई होते, आणि जूननंतर दिवस लहानच होत जातात. पावसाळ्यात पाणी द्यायचं काम नाही, फक्त साचू देऊ नका. गणपतीत पाऊस दडी मारतो, तेव्हा बोट घालून माती बघा. दिवसभर ऊन येईल अशीच जागा हवी. बाल्कनीत दोन तास ऊन येत असेल तर कोथिंबीर लावा, हे नको.

चार महिन्यांच्या आसपास पात शेंड्याकडून पिवळी पडते. मग पाणी बंद. आठ-दहा दिवसांनी माती कोरडी झाली की जुन्या चादरीवर बॅग उपडी करायची. मुळांच्या जाळ्यात वाटाण्याएवढ्या तपकिरी गाठी लटकलेल्या दिसतात. झुपका हातावर आपटला की बऱ्याच गळतात, उरलेल्या बोटांनी तोडायच्या. वाळू चाळायच्या चाळणीतून माती चाळून घ्या. हे काम वेळखाऊ आहे; दोघं जण लागतात आणि चहा लागतो.

ताजी गाठ धुऊन तशीच खाल्ली तर कुरकुरीत, ओल्या खोबऱ्यासारखी लागते. पण खरी गोडी वाळल्यावर येते. ऑक्टोबरचं ऊन यासाठीच: सुपात पसरून दोन-तीन आठवडे, रोज हलवत, संध्याकाळी घरात. वाळून सुरकुतल्या की बरणीत भरा. खायच्या आधी रात्रभर भिजवा, नाहीतर दातांची परीक्षा.

स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाकडे याचं थंड दूध पितात, ओर्चाता. एक वाटी गाठी दिवसभर भिजवून, तीन-चार वाट्या पाण्यात मिक्सरला बारीक करून, पंचातून पिळायच्या. साखर, दालचिनी, फ्रीज. उकळू नका, त्यात स्टार्च असतो, खळ होते. दोन दिवसांत संपवा.

टपोऱ्या मूठभर गाठी पुढच्या वर्षीसाठी बाजूला काढा. चाळलेली माती पुन्हा याच बॅगेत भरा. ती तुळशीच्या कुंडीत टाकलीत, तर पुढच्या पावसाळ्यात तुळशीशेजारी काय उगवेल ते माळीकाकांना विचारा.