बुवांचा गजर, आजीची ओवी आणि कॉम्प्रेसर

गणपती जवळ आले की कुडाळ-सावंतवाडीकडच्या छोट्या स्टुडिओंत नाना तऱ्हेचे गळे माईकसमोर येतात. डबलबारीचे (दोन भजनी मंडळांच्या सामन्याचे) बुवा, दशावतारातली पदं म्हणणारे, ओव्या गाणाऱ्या आज्या. या कामात नव्याने आलेली मुलं पहिल्यांदा हेच विचारतात, "दादा, व्होकलचं सेटिंग काय ठेवू?" सगळ्या गळ्यांना चालेल असं सेटिंग नसतंच. कॉम्प्रेसर, म्हणजे ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज दाबणारा, कशामुळे दाबतोय ते आधी ऐका, मग ईक्यू (आवाजातला खालचा-वरचा भाग कमी-जास्त करणारा) त्याच्या आधी लावायचा की नंतर, ते आपोआप कळतं.

बुवांचंच घ्या. शेजारी पखवाज आणि झांजा वाजत असतात, त्यावरून आवाज पोचवायचा म्हणून बुवा वरच्या पट्टीत, मोकळ्या गळ्याने गातात. अभंगाची सुरुवात बेताची आणि गजर टिपेचा. एवढा चढउतार एकट्या कॉम्प्रेसरवर सोपवला तर गजरात आवाज घुसमटतो. म्हणून मी आधी एकेक ओळ हाताने वरखाली करून साधारण सारखी करतो. त्यानंतर दोन कॉम्प्रेसर. पहिला चपळ, ४:१ (ठरावीक पातळीच्या वर ४ डीबी, म्हणजे डेसिबल, गेलेला आवाज १ डीबीच वर राहतो), फक्त उसळणारी टोकं पकडणारा. दुसरा सावकाश, २:१, अटॅक, म्हणजे दाब बसायला लागणारा वेळ, २०-३० मिलिसेकंद. दोन्ही मिळून ५-६ डीबी दाबलं की पुरे.

अटॅक म्हणजे काय ते 'विठ्ठल' या एका शब्दावर शिका. तो शब्द लूपवर टाका, अटॅक ३० मिलिसेकंदांवरून हळूहळू १ वर आणा. 'ठ्ठ'चा ठोका बोथट होत जातो आणि बुवा मागे सरकल्यासारखे वाटतात. मग अटॅक परत वाढवत न्या, ठोका पुन्हा नीट ऐकू येईल तिथे थांबा. मीटर बघण्यापेक्षा ही परीक्षा खरी.

वरच्या सुरांत २.५ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज कानाला टोचतो. तिथे साधा ईक्यू लावून कायमचं कापू नका, खालच्या ओळी मिळमिळीत होतात. डायनॅमिक ईक्यू घ्या, टोचेल तेवढ्यापुरताच तो कापतो.

आजीच्या ओवीचं गणित उलटं. आवाज नाजूक, म्हणून माईक तोंडाजवळ. आणि कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारा) माईक जवळ आला की खालचा घुमारा वाढतो. तो तसाच कॉम्प्रेसरमध्ये गेला तर शब्दांऐवजी घुमाऱ्यावरच कॉम्प्रेसर दाबत बसतो. इथे ईक्यू आधीच हवा: १०० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (त्याखालचं काढणारा फिल्टर), २५०-३०० हर्ट्झला दोन-तीन डीबी कमी. मग २:१ने हलकेच दाबा.

हलकेच का, तर आपल्याकडचा पाऊस. ८ डीबी दाबून तेवढाच मेक-अप गेन दिला, म्हणजे दाबल्यावर सगळा आवाज परत वाढवला, की दोन ओळींमधला पत्र्यावरचा पाऊसही ८ डीबी वर येतो. त्यावर गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा) लावायचा मोह होतो, पण मग पाऊस शब्दाबरोबर येतो आणि शब्दाबरोबर जातो, ते फार खटकतं. शिवाय आजीचा श्वास तुटतो, आणि ओवीत श्वास हवाच. मला तर तो सुराइतकाच मोलाचा वाटतो.

कोरसला फार वेळ देऊ नका. सगळे आवाज एका बसवर, म्हणजे एका सामायिक चॅनलवर, घ्या, १५० हर्ट्झखालचं काढा, ३ किलोहर्ट्झला जरा कापून मुख्य गायकाला जागा करा.

डी-एसर, म्हणजे 'स', 'श' टोचतात तेवढेच दाबणारा, मी कॉम्प्रेसरनंतर लावतो. कॉम्प्रेसर स्वर दाबतो, पण 'स', 'श' बरेचदा त्याच्या तावडीतून सुटतात आणि जास्तच टोचू लागतात. साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये शोधा, प्रत्येक गळ्याची जागा वेगळी.

शेवटी कॉम्प्रेसर चालू-बंद करून ऐकताना दोन्हींचा आवाज कानाला सारखा येईल असा गेन लावून घ्या, कारण मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो. मग मोबाइलच्या स्पीकरवर लावा आणि ओवीचा प्रत्येक शब्द कळतो का ते बघा.