रणगाड्यातली आग: या संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

मी केमिकल इंजिनिअरिंग करून या कामात आलो. रणगाड्याच्या केबिनमध्ये डिझेलचा फवारा पेटला, तर तो ओळखून विझवायला जेमतेम पाव सेकंद मिळतो, हे तेव्हा मला माहीतही नव्हतं. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात हायड्रॉलिक तेल पेटून कितीतरी रणगाडा-सैनिक भाजले. सहज न पेटणारं तेल आणि आपोआप चालणारी अग्निशमन यंत्रणा यांवर त्यानंतर भर आला.

सुरुवात कप-बर्नर या छोट्या चाचणी-उपकरणाने करा. काचेच्या नळीतल्या छोट्या कपावर हेप्टेन या द्रव इंधनाची बोटभर ज्योत असते. भोवतीच्या हवेत विझवणारा वायू थोडा थोडा वाढवत न्यायचा. ज्योत थरथरते, कपाच्या काठावरून सुटते आणि जाते. हॅलॉन १३०१ हा जुना अग्निशमन वायू असेल, तर हवेत त्याचे सुमारे तीन टक्के पुरतात. तो ओझोनचा थर खातो, त्यापायी त्याचं उत्पादन बंद झालं. त्याच्या जागी आलेल्या एचएफसी-२२७ईए या वायूचे साडेसहा टक्क्यांच्या आसपास लागतात. म्हणजे वायूची बाटली मोठी हवी, आणि रणगाड्यात तर वीतभर जागेसाठी भांडण असतं!

माझ्या पहिल्या मोठ्या चाचणीत आग झटक्यात विझली. मी आनंदाने ओरडलो. सरांनी शांतपणे विचारलं, "आतल्या माणसाच्या नाकात काय गेलं?" मी वायूचे नमुने घेणारा पंपच सुरू केला नव्हता. हे वायू ज्वाळेत तुटले की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं, ते फुप्फुसं जाळतं. आग विझायला जितका उशीर, तितकं ते जास्त. तो दिवस मी विसरलेलो नाही. आता चाचणीआधी पंप मी स्वतः तपासतो.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी हे क्षेत्र आपलं नाही असं मुळीच समजू नये. ज्वाळेतला कार्बन डायऑक्साइड ४.३ मायक्रॉन तरंगलांबीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशात चमकतो. डिटेक्टर तो पकडतो आणि इतर तरंगलांबींशी ताडून पाहतो, म्हणजे ऊन किंवा वेल्डिंगच्या ठिणगीने फसत नाही. डिटेक्टरच्या काचेवर धूळ-ग्रीस बसल्यावर काय होतं, हा अजूनही भरपूर कामाचा विषय आहे.

आपल्याकडे दिल्लीच्या तिमारपूरची सीफीस ही डीआरडीओची आग आणि स्फोटकांच्या सुरक्षेवर काम करणारी प्रयोगशाळा या विषयाचं मुख्य ठिकाण. लष्करी वाहनांचं काम अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या डीआरडीओच्याच वाहन-प्रयोगशाळेत चालतं. डीआरडीओत शास्त्रज्ञ 'बी' या सुरुवातीच्या पदासाठी गेट ही इंजिनिअरिंगची परीक्षा द्या. आधी हात बसवायचा असेल तर जेआरएफच्या (कनिष्ठ संशोधकांच्या शिष्यवृत्तीच्या) जाहिरातींवर नजर ठेवा. आगीचंच शिक्षण हवं असेल, तर नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे.