वेचणीच्या दिवसांत पक्का करा हॅव बीन

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात दहावीला इंग्रजी शिकवते. दिवाळीनंतर वर्गातली बरीच पोरं आईबापासोबत कापूस वेचायला वावरात असतात. म्हणून प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस टेन्सचा सराव मी त्याच कामावर करायला सांगते. आधी सुरू झालेलं आणि अजून न थांबलेलं काम सांगायलाच तर हा काळ आहे.

रचना सोपी: हॅव किंवा हॅज, मग बीन, मग आयएनजी लावलेलं क्रियापद. ही, शी, इट असेल तर हॅज. ही रचना सगळ्यांना पाठ असते, तरी बोलताना 'आय ॲम पिकिंग कॉटन सिन्स मॉर्निंग' असंच येतं, कारण 'मी सकाळपासून कापूस वेचतोय' हे आपलं वाक्य साध्या चालू वर्तमानकाळातलं आहे. इंग्रजीत 'आय हॅव बीन पिकिंग' पाहिजे. त्यात आपण 'सकाळपासून' म्हणतो तसंच 'तीन तासांपासून'ही म्हणतो. इंग्रजीत काम कधी सुरू झालं त्याला सिन्स लागतं, किती वेळ झाला त्याला फॉर.

म्हणून सराव जोडीनं करा. शेजारच्या ओळीतल्या मैत्रिणीला विचारा, 'हाऊ लाँग हॅव यू बीन पिकिंग?' सातला आलात आणि आता दहा वाजले, तर तिनं दोनदा उत्तर द्यायचं: 'आय हॅव बीन पिकिंग सिन्स सेव्हन ओक्लॉक', मग 'आय हॅव बीन पिकिंग फॉर थ्री अवर्स'. प्रत्येक वेळी पूर्ण वाक्य, मोठ्यानं. मग दुसऱ्यांवर या. रात्रीच्या लाइनीवर मोटार चालू असेल तर 'द पंप हॅज बीन रनिंग सिन्स मिडनाइट'. लिहून काढण्यापेक्षा हे बोलणं मला फार मोलाचं वाटतं. जीभ वळली की परीक्षेत हात अडत नाही.

संध्याकाळी काट्यावर वजन झालं की वाक्य बदला. किती वेचला ते सांगताना बीन नको: 'आय हॅव पिक्ड ट्वेंटी किलोज'. काम नुकतंच थांबलं, पण बोंडांनी बोटं ओरखडलेली दिसतात, आणि कुणी कारण विचारलं, तर मात्र 'आय हॅव बीन पिकिंग कॉटन' बरोबर.

नो (ओळखणं), बिलीव्ह अशा क्रियापदांना इथं आयएनजी लावू नका. 'मी तिला लहानपणापासून ओळखते' याचं इंग्रजी 'आय हॅव नोन हर सिन्स चाइल्डहूड'.