रीबूटनंतर लॅन कार्डाचं नाव बदलतं? लिनक्समध्ये ते पक्कं कसं करावं

महापेच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपचं गेटवे मशीन, म्हणजे आतलं नेटवर्क इंटरनेटला जोडणारं लिनक्स मशीन, मी सांभाळतो. त्यात दोन लॅन कार्डं आहेत. एका संध्याकाळी तिथल्या मुलाने मशीनमध्ये एनव्हीएमई डिस्क बसवली आणि कालपर्यंत ईएनपी३एस० असलेलं कार्ड ईएनपी४एस० झालं. इंटरनेट गेलं, माझं ठाण्याहूनचं लॉगिनही गेलं. सकाळी पहिल्या वाशी लोकलने कोपरखैरणे गाठलं. त्यानंतर हे काम मी कितीतरी मशीनवर केलंय.

नाव बदलण्याचं कारण साधं आहे. लिनक्स सुरू करून सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या २०१३मध्ये आलेल्या १९७व्या आवृत्तीपासून कार्डाचं नाव त्याच्या जागेवरून पडतं. ईएनपी३एस० म्हणजे पीसीआय बस ३, स्लॉट ०. मध्ये नवं उपकरण आलं की बसचे आकडे सरकू शकतात, आणि त्यांच्याबरोबर नावही सरकतं.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, बूट ओळीत ‘नेट डॉट इफनेम्स बरोबर शून्य’ टाका आणि जुनं इथ० परत आणा. एकच कार्ड असेल तर चालेल. दोन कार्डं असतील तर अजिबात करू नका. तिथे ज्या कार्डाचा ड्रायव्हर आधी उठेल त्याला इथ० मिळतं, आणि आतलं नेटवर्क बाहेरच्या केबलवर जाऊ शकतं.

नाव स्वतः ठरवा. ‘/ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क’मध्ये ‘१०-लॅन.लिंक’ अशी फाइल करा. तिच्या मॅच भागात कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा हार्डवेअर क्रमांक, आणि लिंक भागात ‘नेम’पुढे लॅन० लिहा. बाहेरच्या कार्डासाठी तशीच दुसरी फाइल करा, तिच्यात नाव वॅन०. मॅक जुळवताना ‘पर्मनंट मॅक अ‍ॅड्रेस’ वापरा. नुसता ‘मॅक अ‍ॅड्रेस’ लिहिलात तर त्याच कार्डावरचे व्हीलॅनही, म्हणजे एका कार्डावर बनवलेली वेगळी आभासी नेटवर्कंही, जुळतात, कारण ती मूळ कार्डाचाच मॅक घेतात. नाव इथ०, इथ१ असं ठेवू नका. कर्नल तीच नावं वाटत असतो, टक्कर होते. नाव पंधरा अक्षरांच्या आत हवं.

आता खरी अडचण. फाइल बिनचूक, मॅक बिनचूक, तरी रीबूटनंतर कार्ड जुन्याच नावाने उठतं. पहिल्यांदा यात माझी अख्खी दुपार गेली. मॅक तीनदा तपासला, फाइलच्या परवानग्या बदलल्या, फाइलचं नावही बदलून पाहिलं. चूक फाइलमध्ये नव्हतीच. बूट होताना आधी इनिटरॅमएफएस नावाची छोटी तात्पुरती सिस्टम उठते, आणि उपकरणं ओळखून त्यांना नावं देणारा यूडेव्ह तिच्यातही चालतो. कार्डाचा ड्रायव्हर तिथेच चढला तर नामकरण तिथेच उरकतं, आणि तेही त्या छोट्या सिस्टमजवळच्या जुन्या फाइलींवरून. खरी डिस्क नंतर जोडली जाते. तुमची नवी फाइल तोवर कोणी पाहिलेलीच नसते, आणि जुन्या आवृत्त्यांत एकदा बदललेलं नाव पुढे तसंच राहतं.

म्हणून लिंक फाइलला हात लावला की इनिटरॅमएफएस पुन्हा बनवायचंच. डेबियन-उबुंटूवर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ला ‘यू’ पर्याय, रेडहॅट-फेडोरावर ‘ड्रॅकट’ला ‘एफ’ पर्याय. कार्ड बदलून मॅक दुरुस्त केलात तरीही. नाव कुठे बदललं हे शोधायला कर्नल लॉगमध्ये ‘रीनेम्ड फ्रॉम’ची ओळ पाहा. ती रूट डिस्क माउंट झाल्याच्या ओळीच्या वर असेल तर नामकरण इनिटरॅमएफएसमध्ये झालंय. ‘एलएसइनिटरॅमएफएस’ किंवा ‘एलएसइनिटआरडी’ने तुमची फाइल आत गेली की नाही ते बघा. अंदाजाने चालू नका.

दोन नियम एकमेकांच्या उलट आहेत, तिथे जाणतेही चुकतात. लिंक फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि पहिली जुळलेली फाइल लागू होते, बाकीच्या सोडून दिल्या जातात. कर्नलची सेटिंग्ज लावणाऱ्या सिसकंट्रोलच्या ‘सिसकंट्रोल डी’ फोल्डरमध्ये मात्र एकच सेटिंग दोन फाइलींत असेल तर शेवटची जिंकते. म्हणून लिंक फाइलला १० लावा आणि सिसकंट्रोलच्या आपल्या फाइलला ९९. डेबियन १३वर सगळं जुन्या ‘सिसकंट्रोल डॉट कॉन्फ’मध्ये ठेवलेलं असेल तर ते या फोल्डरमध्ये हलवा. तिथे बूटच्या वेळी सिस्टमडी ती जुनी फाइल वाचत नाही.

सिसकंट्रोलची सेटिंग बूटला लागत नाही म्हणून आरसी-लोकल या बूटच्या शेवटी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ‘स्लीप ३०’ टाकून आज्ञा चालवायचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. कार्ड हजर झालं की यूडेव्ह त्या नावाची सिसकंट्रोल सेटिंग्ज स्वतःच लावतो. सेटिंगमध्ये नवं नाव लिहा, एवढंच. व्हीलॅनच्या नावात टिंब असेल तर सेटिंगचे भाग टिंबांऐवजी स्लॅशने वेगळे करा. ब्रिजची, म्हणजे दोन कार्डं एकाच नेटवर्कसारखी जोडण्याची, फायरवॉलसंबंधी सेटिंग्ज मात्र ‘बीआर नेटफिल्टर’ मॉड्यूल चढल्याशिवाय अस्तित्वातच नसतात, म्हणून ते मॉड्यूल्स-लोडच्या, म्हणजे बूटला चढवायच्या मॉड्यूलांच्या, यादीत टाका.

फायरवॉल शेवटी, पण विसरू नका. एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये कार्ड ओळखायला ‘आयआयएफ’ लिहिलंत तर नियम चढतानाच ते कार्ड हजर असावं लागतं. बूटला फायरवॉल नेटवर्कच्या आधी उठते. कार्ड नसलं की ती फाइल पूर्ण नाकारली जाते आणि मशीन उघडं राहतं. ‘आयआयएफनेम’ लिहा, ते नुसतं नाव जुळवतं.

हे सगळं मशीनसमोर बसून करा, रिमोटवरून नको. मग मशीन बंद करा, वीज काढा, पुन्हा चालू करा, आणि ‘आयपी लिंक’मध्ये लॅन० आणि वॅन० दोन्ही दिसतात का ते पाहा. एकेक केबल काढून योग्य नावाचीच लिंक पडते ना, हे तपासल्याशिवाय जागा सोडू नका.