यू जेमिनोरम: तारा दिसला नाही, तरी नोंद करा

मिथुन राशीतला यू जेमिनोरम एरवी १४व्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा मोठा, तितका तारा मंद), लहान दुर्बिणीतून न दिसणारा. साधारण १०० दिवसांनी (हे अंतर बरंच कमीजास्त होतं) उद्रेक झाला, की एक-दोन दिवसांत ९व्या प्रतीपर्यंत उजळतो. मग ४ इंची दुर्बीणही पुरते. म्हणून हिवाळ्यात रोज एक नजर टाकाच. दिसला नाही, तर एएव्हीएसओ या रूपविकारी (तेज बदलणाऱ्या) ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संस्थेच्या नकाशातला तुम्हाला दिसलेला सर्वांत मंद तुलना-तारा (ज्याची प्रत नकाशात दिलेली असते असा तारा) शोधा. तो ११.५ प्रतीचा असेल, तर ‘<११.५’ लिहा, म्हणजे ‘तारा याहून मंद होता’. उद्रेक नेमका कधी सुरू झाला, हे अशाच नोंदींवरून कळतं, त्यामुळे त्या मोलाच्या. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहा: आपल्याकडे १० जानेवारीच्या पहाटेचे २ म्हणजे ९ जानेवारी, २०:३०. तारीख इथेच हमखास चुकते.